पिंप, लॉफ्टची टाकी आणि टँकर

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, बदलापूर आणि कल्याण ओलांडते, ठाण्याच्या उत्तरेला वळसा घेते आणि वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. त्या खाडीच्या दक्षिण काठावर भाईंदर आहे. नदी भाईंदरच्या उंबऱ्यावरून जाते, पण इथे येईपर्यंत ती पार खारट झालेली असते. भाईंदर पूर्वेच्या नळाला येणारं पाणी बहुतांशी याच नदीचं. फक्त ते चाळीसेक किलोमीटर वर, कल्याणजवळ शहाडला आणि बदलापूरजवळ जांभूळला उचललेलं, शुद्ध केलेलं आणि जलवाहिन्यांतून इथवर आणलेलं असतं. शहाडहून निघालेलं पाणी भिवंडी आणि ठाण्याचा वाटा देत देत इथे पोचतं. भाईंदर त्या वाहिनीच्या शेपटाला आहे. शेपटाला असण्याचं दुःख ज्यांनी भोगलंय त्यांना ते सांगावं लागत नाही: वर एका दिवसाचं शटडाऊन झालं, तर इथे पाणी पूर्ववत व्हायला आणखी एक-दोन दिवस जातात.

त्यात उन्हाळ्यात कपात आली की आदेश निघतो. आदेशात टक्के असतात: दहा, पंधरा, वीस. टक्का सगळ्यांना सारखा. पण तो टक्का जेसल पार्कच्या टॉवरमध्ये कसा लागतो, नवघर रोडच्या चाळीस वर्षं जुन्या इमारतीत कसा लागतो आणि औद्योगिक वसाहतीमागच्या झोपडीत कसा लागतो, हे पाहिलं तर तीन वेगवेगळ्या गावांची हकिगत ऐकल्यासारखं वाटेल. ही तफावत काल-परवाची नाही. गाव वसलं, पसरलं आणि वर चढलं, तशी तीही रुजत गेली.

नवघर, गोडदेव, खारी ही भाईंदर पूर्वेतली मूळ गावं. वस्ती प्रामुख्याने आगऱ्यांची. धंदा शेती, मासेमारी आणि मिठागरं. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घालायचे आणि तेच पाणी मिठागराच्या कोंड्यांत अडवून वाळवायचं, असं दुहेरी आयुष्य इथल्या माणसांनी जगलं. खाऱ्या पाण्यावर पोट आणि गोड्या पाण्यावर जीव. मिठाचा हंगाम आणि टंचाईचा हंगाम नेमके एकाच वेळी, कोरड्या महिन्यांत यायचे. गोड्या पाण्यासाठी गावात विहिरी आणि तळी होती. नवघर आणि गोडदेवची तळी आजही आहेत. खाडीपलीकडे वसईत वाड्यांमधून बावखलं खणलेली असत. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं आणि त्यामुळे आजूबाजूच्या विहिरी गोड राहायच्या. उत्तनच्या बाजूला ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणायचा विधी आहे, उंबराचं पाणी म्हणतात त्याला. गोड्या पाण्याची विहीर ही समुद्रकाठच्या माणसाची केवढी मोठी मिळकत होती, ते या विधीतून कळतं.

त्या काळीही पाणी सगळ्यांना सारखं मिळत होतं, असं म्हणता येणार नाही. ज्याच्या वाडीत विहीर, तो मोकळा. बाकीच्यांनी गावविहिरीवर जायचं. ज्यांना जातीमुळे गावविहीर बंद होती, त्यांनी कोणीतरी वरून ओतेल तेव्हा ओंजळ धरायची. सी. के. बोले यांच्या ठरावाने 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले, ते याच प्रांतभरच्या रिवाजाविरुद्ध. ठराव झाल्यावरही महाडला चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांना स्वतः जाऊन पाणी प्यावं लागलं. पाण्याची वाटणी कागदावर कशी होते आणि पाणवठ्यावर कशी होते, यातलं अंतर महाराष्ट्राला तेव्हापासून ठाऊक आहे.

1864 मध्ये बी.बी.सी.आय. रेल्वेची गाडी वसईची खाडी ओलांडून ग्रँट रोडपर्यंत आली. पुढे 1936 मध्ये विरारपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. रुळांनी भाईंदरचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, तरी शहर व्हायला आणखी अर्धं शतक जावं लागलं. मुंबईने विहार तलावाचं पाणी 1860 मध्ये, तुळशीचं 1879 मध्ये आणि तानसाचं 1892 मध्ये आणलं. दहिसरला मुंबईची हद्द संपते. हद्दीच्या अलीकडे पालिकेचा नळ, पलीकडे ग्रामपंचायतीची विहीर, अशी ती रेघ होती. मुंबईच्या हद्दीतल्या उपनगरांनाही पाणी सहज मिळालं नाही. गोरेगावात पाण्यासाठी बायकांना संघटित करत मृणाल गोरे 1961 मध्ये महापालिकेत निवडून आल्या आणि पुढे अख्ख्या महाराष्ट्राच्या ‘पाणीवाली बाई’ झाल्या. हद्दीबाहेरच्या भाईंदरला तर भांडायला महापालिकाच नव्हती.

मग आली ऐंशीच्या दशकातली गर्दी. मुंबईत भाड्याची जागा मिळेना, विकतची परवडेना, गिरण्यांचा 1982 चा संप चिघळलेला. डोंबिवलीला जागा पाहणारा माणूस जसा मध्य रेल्वेने पुढे सरकला, तसा पश्चिम रेल्वेवरचा माणूस दहिसरच्या पुढे आला. मीरा रोड आणि भाईंदरला मिठागरांच्या आणि भातशेतांच्या कडेने चार-चार मजली इमारती उभ्या राहू लागल्या. बिल्डर जाहिरातीत स्टेशन किती मिनिटांवर ते सांगायचा. पाणी किती तासांनी ते ग्राहकाला राहायला आल्यावर कळायचं. पाच ग्रामपंचायती एकत्र करून 1985 मध्ये मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली. 1991 च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती, 2001 मध्ये ती 5 लाख 20 हजारांवर गेली, आणि 2011 मध्ये 8 लाखांच्या वर. 28 फेब्रुवारी 2002 रोजी महानगरपालिका झाली. वीस वर्षांत साडेचारपटीहून जास्त वाढलेल्या या शहराच्या मालकीचं एकही धरण नाही.

इमारत आधी आणि पाण्याची वाहिनी नंतर, हा जो क्रम पडला त्या मधल्या फटीत टँकर शिरला. टँकर भरायला गोड्या पाण्याची विहीर लागते. भाईंदरच्या मिठागरांच्या जमिनीत खणलं तर मचूळ पाणी लागतं, तेव्हा खाडीपलीकडच्या वसईच्या बागायती विहिरींवर पंप बसले. वाढत्या उपनगरांना तिथलं पाणी टँकरने जाऊ लागलं आणि केळीच्या, पानवेलींच्या वाड्यांतल्या विहिरी खारट होऊ लागल्या. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली. 1989 च्या सुमारास हजारो माणसं रस्त्यावर उतरली. टँकरवाल्यांची ताकद एवढी होती की त्यांच्याविरुद्ध बोलायला तेव्हा छाती लागत असे. विहिरींच्या उपशावर लगाम घालणारा भूजल कायदा महाराष्ट्रात 1993 मध्ये झाला, तोही फक्त पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतांचं रक्षण करण्यापुरता. म्हणजे एका गावाची तहान दुसऱ्या गावाच्या विहिरीवर भागली, आणि दोन्हीकडे ज्याच्या हातात पैसा नव्हता तो मागे राहिला.

नळाचं पाणी आलं ते दोन दारांतून. पहिलं दार शहाड-टेमघर योजनेचं, म्हणजे आताच्या ‘स्टेम’चं. ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर या महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांची ही भागीदारीतली कंपनी. दुसरं दार एमआयडीसीचं. कारखान्यांना पाणी देण्यासाठी एमआयडीसीने बदलापूरजवळ बारवी धरण बांधलं, पण कारखान्यांइतकीच त्याच्याभोवतीची शहरंही वाढली आणि धरणाला पिण्याच्या पाण्याचं ओझं उचलावं लागलं. उल्हासच्या पात्रात आणखी एक पाणी मिसळतं, ते टाटांच्या आंध्र धरणाचं. मावळातलं, खरं तर भीमेच्या खोऱ्यातलं हे पाणी 1922 पासून भिवपुरीच्या वीजकेंद्रातून कोकणात उतरतं. भाईंदर पूर्वेतल्या एका हंड्यात असा सह्याद्रीच्या दोन्ही अंगांचा पाऊस असतो.

मंजूर कोटा सांगायचा तर स्टेमचे रोज 86 दशलक्ष लिटर आणि एमआयडीसीचे 125 दशलक्ष लिटर, मिळून 211. एमआयडीसीच्या कोट्यातले 75 दशलक्ष लिटर 2017 च्या सुमारास आले. त्याआधी पाणी नाही म्हणून काही वर्षं नव्या नळजोडण्याच बंद होत्या. इमारती मात्र बांधून पुऱ्या होत होत्या आणि माणसं त्यात राहायला येत होती. नळजोडणी नाही म्हणजे अख्खी सोसायटी टँकरवर. गृहकर्जाचा हप्ता वेगळा, टँकरचा हप्ता वेगळा.

आज शहराची लोकसंख्या 12 लाखांच्या पुढे धरली जाते. 211 दशलक्ष लिटरला 12 लाखांनी भागलं तर माणशी सुमारे 176 लिटर होतात. मलनिस्सारण असलेल्या शहरांसाठी केंद्राच्या नियमपुस्तिकेतलं प्रमाण 135 लिटर आहे. म्हणजे हिशेबाने टंचाई नाहीच! पण मंजूर पाणी पूर्ण येत नाही, आलेल्यातलं वाटेत गळतं, काही दुकानांना आणि कारखान्यांना जातं, आणि उरलेलं वाटलं जातं ते माणसं मोजून नव्हे तर वाहिनीचा व्यास, चढ-उतार आणि टाकीचं आकारमान यांवर. त्यामुळे इथे कोणी लिटर विचारत नाही. ‘तुमच्याकडे किती तासांनी येतं?’ असं विचारतात. चोवीस तासांनी येत असेल तर तो भाग भाग्यवान. छत्तीस, अठ्ठेचाळीस, कधी त्याहून जास्त. या अंतराला सगळे ‘गॅप’ म्हणतात, आणि कपात आली की टक्के नळात दिसत नाहीत, गॅप वाढलेला दिसतो.

कपातीची रीत दरवर्षी ठरलेली आहे. पावसाळा सरला की बारवी आणि आंध्रमधल्या साठ्याचा हिशेब मांडला जातो आणि तो पुढच्या 15 जुलैपर्यंत पुरवायचा, असं गणित घातलं जातं. तूट निघाली की पाटबंधारे खातं नदीतून उचलायच्या पाण्यावर टक्के लावतं. स्टेम आणि एमआयडीसी ते टक्के दिवसांत बदलतात, आठवड्यातला अमुक वार बंद. महापालिका ते दिवस तासांत बदलते, आणि व्हॉल्व्हची चावी फिरवणारा माणूस ते तास मिनिटांत.

2009 चा पाऊस देशभरात सरासरीच्या 78 टक्क्यांवरच थांबला आणि मुंबई महानगरात कपातीचे आदेश निघाले. 2014 आणि 2015 अशी सलग दोन वर्षं पावसाने ओढ दिली, तेव्हा 2016 चा उन्हाळा सगळ्यात कठीण गेला. स्टेम आणि एमआयडीसीचा पुरवठा आठवड्यातून दोन ते अडीच दिवस बंद राहू लागला. त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली जलदूत रेल्वे लातूरला पोचली होती, पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागली होती, आणि मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं होतं. बातम्या लातूरच्या होत्या. भाईंदरच्या शेपटाला अडीच दिवसांचे चार दिवस होत होते, त्याची बातमी व्हायची ती स्थानिक पानावर.

आता अडीच दिवसांची बंदी घरात शिरते कशी, ते पाहू.

टॉवरमध्ये ती आधी सोसायटीच्या नोटीस बोर्डावर येते. जमिनीखाली टाकी, गच्चीवर टाकी, मध्ये पंप. शंभर सदनिका, घरटी पाच माणसं आणि माणशी 135 लिटर धरले तर दिवसाला 67,500 लिटर लागतात. टाकी दीड-दोन दिवसांची असली की पहिला दिवस तर कोणाला कळतही नाही. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी पाणी सोडायच्या वेळा कमी करतो आणि टँकरवाल्याला फोन लावतो. दहा हजार लिटरचे सहा-सात टँकर आले की दिवस निभावतो. खर्च महिन्याच्या मेंटेनन्समध्ये वाटला जातो. फ्लशला बोअरचं मचूळ पाणी, प्यायला फिल्टर किंवा जार. त्रास होतो, चिडचिड होते, सर्वसाधारण सभेत आरडाओरडा होतो. पण नळ कोरडा पडत नाही.

ऐंशीच्या दशकातली तळमजला अधिक तीन किंवा चार मजल्यांची इमारत घ्या. भाईंदर पूर्वेचा मध्यमवर्ग मुख्यतः अशा इमारतींत राहतो: खाजगी कंपनीतला क्लार्क, निवृत्त गिरणी कामगार, एलआयसीचा एजंट, शिकवण्या घेणारी बाई. जमिनीखालची टाकी लहान, कित्येकदा गळकी. गच्चीवरच्या टाकीचा स्लॅब कमकुवत म्हणून ती अर्धीच भरायची. इथे खरी साठवण प्रत्येकाच्या घरात, न्हाणीघरावरच्या लॉफ्टवर. गुजरातेतल्या कलोलच्या सिंटेक्स कंपनीने 1975 मध्ये प्लॅस्टिकच्या टाक्या बाजारात आणल्या. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्या मुंबईच्या उपनगरांतल्या लॉफ्टांवर चढल्या. पाचशे लिटरची टाकी भरली म्हणजे लॉफ्टवर अर्धा टन वजन. ज्या इमारतींना आता महापालिका धोकादायक म्हणून नोटिसा देते, त्यांच्या कुरकुरणाऱ्या स्लॅबांनी हे वजन वर्षानुवर्षं पेललंय. या घरांना टँकर परवडतो, पण टोचतो. वीस सदनिकांत एक टँकर मागवायचा तर सहा जण पैसे द्यायला कुरकुर करतात. तळमजल्यावरचा म्हणतो माझ्या नळाला येतंय, चौथ्या मजल्यावरचा म्हणतो वर चढतच नाही. मग कोणीतरी नळालाच मोटर लावतो. ती बेकायदा आहे हे लावणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण एकाने लावली की शेजारच्याचा नळ हवा फेकू लागतो, आणि महिन्याभरात गल्लीत सगळ्यांकडे मोटर असते.

चाळीत आणि झोपडपट्टीत कपात येते ती रात्रीची झोप घेऊन. पाणी पहाटे तीनला येणार की साडेचारला, हे चावीवाला फिरकल्यावर कळतं. नळ आधी फुसफुसतो, मग थोडं तांबूस पाणी सोडतो. तेवढं बादलीत धरून मोरीसाठी ठेवायचं. स्वच्छ धार लागली की पाइप पिंपात. पिंपाच्या तोंडावर जुन्या साडीचा चौपदरी तुकडा बांधलेला असतो. घरातली मोठी माणसं पाइप सांभाळतात, पोरं कळशा सरकवतात, कोणीतरी दारात उभं राहून शेजारणीला हाक मारतं, ‘अगं, आलं गं, ऊठ!’ अर्ध्या-पाऊण तासात धार बारीक होते आणि तुटते.

आता हिशेब. मुंबई महानगरात झोपडपट्टीला माणशी 45 लिटर आणि इमारतींना 135 लिटर किंवा त्याहून अधिक, असं माप वर्षानुवर्षं वापरलं गेलं. पाच माणसांच्या घराला 45 च्या मापाने रोज 225 लिटर लागतात, म्हणजे पंधरा लिटरचे पंधरा हंडे. गॅप अठ्ठेचाळीस तासांचा झाला की 450 लिटर साठवायला हवेत, साठ तासांचा झाला की साडेपाचशेच्या वर. दोनशे लिटरचं एक पिंप दोन फूट जागा अडवतं. शंभर चौरस फुटांच्या खोलीत तीन पिंपं ठेवायची तर झोपायचं कुठे? म्हणून पिंप दाराबाहेर गल्लीत जातं, त्याला साखळी आणि कुलूप लागतं. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत स्टेनलेस स्टीलचे पत्रे आणि भांडी तयार होतात, देशभर जातात. ते स्टील घडवणाऱ्या कामगाराच्या घरी पाणी निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात असतं, कारण स्टीलचं एवढं मोठं पिंप परवडत नाही.

टक्क्यांचं खरं स्वरूप इथे उघड होतं. 135 लिटरवाल्याला वीस टक्के कपात लागली तर 108 उरतात. बागेचं पाणी बंद होतं, गाडी ओल्या फडक्याने पुसली जाते, शॉवरऐवजी बादली येते. 45 लिटरवाल्याला तीच कपात लागली तर 36 उरतात. तिथे बाग नव्हती, गाडी नव्हती, शॉवर नव्हता. कमी होतं ते मुलांच्या अंघोळीतून, कपडे धुण्यातून आणि संडासच्या डब्यातून. मूलभूत गरजा भागायला माणशी 50 ते 100 लिटर लागतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे ज्याच्याकडे कपात व्हायच्या आधीच किमान पाणी नव्हतं, त्याच्यावरही तोच टक्का.

दराचंही तसंच. महापालिका पाणी हजार लिटरच्या मापाने विकते, टँकरवाला फेरीच्या आणि जारवाला वीस लिटरच्या. माप जितकं लहान तितका दर चढा. दहा हजार लिटरचा टँकर दोन हजार रुपयांना धरला तर हजार लिटर दोनशेला पडतात. वीस लिटरचा जार तीस रुपयांना धरला तर तेच हजार लिटर पंधराशेला. टँकर मागवायला खाली टाकी लागते आणि गल्लीत ट्रक शिरायला रस्ता लागतो. झोपडपट्टीत दोन्ही नाही, तेव्हा तिथल्या माणसाला जारच घ्यावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या मानव विकास अहवालाने जगभरच्या शहरांबद्दल हेच नोंदवलं होतं: एकाच शहरात झोपडपट्टीतला माणूस श्रीमंतापेक्षा पाण्यासाठी लिटरमागे पाच ते दहापट पैसे मोजतो.

पैशांत न मोजला जाणारा खर्चही आहे, आणि तो बहुतेक बायकांच्या नावावर पडतो. पहाटे पाणी भरून चार घरची कामं करायला निघालेल्या बाईला कपात दोनदा सोसावी लागते. स्वतःच्या घरी झोप जाते, आणि मालकिणीकडे ‘आज पाणी अकराला सोडणार, तेव्हा भांड्यांना ये’ असा निरोप असतो. चार घरांच्या पाण्याच्या वेळा चार, अंगमेहनत एकच. एखादं घर सुटलं तर पगार कापला जातो. कंपनीत रोजंदारीवर जाणाऱ्याचं गणितही तसंच: पाणी सातला आलं तर आठची पाळी बुडते. टॉवरमधला रहिवासी कपातीची भरपाई पैशाने करतो, चाळीतला वेळेने, आणि ज्याच्याजवळ दोन्ही नाही तो पाण्याविना राहतो.

त्यात आजारपण. पुरवठा बंद असताना वाहिनीतला दाब उतरतो आणि शेजारच्या गटारातलं पाणी फटींतून आत शिरतं. पुन्हा पाणी सुरू झालं की पहिली धार त्याची. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. लॉफ्टवरच्या टाकीला झाकण असतं, गल्लीतल्या पिंपाला फडकं.

अधिकृत-अनधिकृतचा प्रश्नही न्यायालयापर्यंत गेला. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2014 रोजी निकाल दिला: वस्ती बेकायदा आहे म्हणून माणसाला पिण्याचं पाणी नाकारता येणार नाही, तो घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मात्र कायदेशीर घरमालकाला जितकं पाणी मिळतं तितकं मागण्याचा हक्क न्यायालयाने दिला नाही. मुंबई महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणलं ते 2022 मध्ये. निकाल आणि धोरण यांत साडेसात वर्षं गेली.

जगात हा प्रश्न कोणी वेगळ्या प्रकारे हाताळला का? दक्षिण आफ्रिकेने 2001 मध्ये घरटी महिन्याला 6,000 लिटर मोफत, असं किमान माप ठरवलं. 2018 मध्ये केपटाउन कोरडं पडायच्या बेतात आलं, तेव्हा 1 फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला 50 लिटरची मर्यादा लागली. मर्यादा लिटरमध्ये होती, टक्क्यांत नव्हती. तरीही तिथल्या असमानतेवर 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं की शहरातले वरचे जेमतेम 14 टक्के लोक निम्म्याहून अधिक पाणी वापरत होते. तरणतलाव आणि बागा त्यांच्याकडेच होत्या. पैसेवाल्यांनी बोअर मारून मर्यादेला बगल दिली. लिटरचं माप आणलं म्हणून सगळं सुटत नाही, पण निदान कोण किती वापरतो ते उघड होतं.

भाईंदरची आशा आता सूर्या प्रकल्पावर आहे. पालघर जिल्ह्यातल्या सूर्या धरणातून एमएमआरडीए रोज 403 दशलक्ष लिटर पाणी आणणार. त्यातलं 185 वसई-विरारला, 218 मीरा-भाईंदरला. वसई-विरारचा टप्पा 2023 च्या अखेरीस सुरू झाला, मीरा-भाईंदरचा मागे राहिला. सगळं मिळालं तर शहराचा कोटा 211 वरून 429 दशलक्ष लिटरवर जाईल, म्हणजे दुपटीहून अधिक. सूर्या धरण बांधलं होतं ते डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी, आणि तिथल्या आदिवासी व शेतकरी संघटनांनी पाणी शहरांकडे वळवायला विरोध केला, तो यामुळेच. बारवीची उंची वाढली तेव्हाही काही पाडे बुडाले. पाणी घेणाऱ्या शहरांनी प्रकल्पग्रस्तांना नोकऱ्या द्यायच्या असं ठरायला बरीच वर्षं गेली. ऐंशीच्या दशकात वसईच्या विहिरी आटल्या, आता डहाणूच्या कालव्यावर डोळा आहे. पाणी दुरून आणायला शहराला जमतं. आणलेलं पाणी आपल्याच गल्लीत वाटायला मात्र जमत नाही.

218 दशलक्ष लिटर आले तरी शेवटचं वाटप त्याच वाहिन्यांतून, त्याच व्हॉल्व्हमधून आणि त्याच टाक्यांच्या मापाने होणार असेल, तर टॉवरचा पंप आधी ओढेल आणि गोडदेवच्या चाळीत धार नंतर लागेल. कपात पुढेही येईल, कारण पाऊस ओढ द्यायचा थांबणार नाही. म्हणून पुढचा आदेश निघेल तेव्हा त्यात टक्क्यांच्या आधी एक आकडा लिहायला हवा: माणशी किमान 50 लिटर. त्याच्या खाली कोणाचंही पाणी कापायचं नाही. कपात त्याच्या वरच्या वापरावर. वस्तीनिहाय पाण्याची वेळ आदल्या दिवशी जाहीर करायची आणि पाळायची. पालिकेचे टँकर कोणत्या वस्तीत किती फेऱ्या गेले, याचा तक्ता प्रभाग कार्यालयाबाहेर लावायचा. यातल्या एकाही गोष्टीला नवं धरण लागत नाही. भाईंदर पूर्वेच्या मतदाराने पुढच्या निवडणुकीत दारात येणाऱ्या उमेदवाराला ‘पाणी कधी येणार’ हा जुना प्रश्न विचारावाच. पण त्याच्या जोडीला ‘कोणाला किती देणार’ हेही विचारावं, आणि उत्तर लिटरमध्ये मागावं.